मागच्या सीटचे काज

पनवेलमध्ये भाड्याच्या गाडीत मागे बसून ज्याला ज्याला पट्टा लावता येतो, त्याने माझ्या मावशीचे आभार मानायला हवेत. विधान अतिशयोक्त आहे याची मला कल्पना आहे. एका दैनिकात सव्वीस वर्षे दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात गेली. असे वाक्य कोणी लिहून आणले असते तर मी लाल शाईने काढले असते. पण हे वाक्य मी ठेवतो, कारण त्याचा पुरावा मी स्वतः बोटांनी चाचपला आहे. स्टेशनबाहेरच्या स्टँडवरून निघणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या सीटवर, काळ्या किंवा तपकिरी रेक्झिनच्या कव्हराला, राणी रंगाच्या दोऱ्याने घातलेली काजे आहेत. ब्लाउजला असतात तशी, फक्त बोटभर लांब. त्या काजातून पट्ट्याचे बक्कल डोके वर काढून उभे असते. ती सगळी माझ्या मावशीची काजे.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. उंची पाच फुटांना जेमतेम टेकणारी, चष्मा नेहमी नाकाच्या शेंड्यावर. जुन्या पनवेलमध्ये तिने एकतीस वर्षे शिवणक्लास चालवला. तिच्या हाताखालून गेलेली बाई रस्त्यात दिसली की मावशी आधी तिच्या ब्लाउजची बाही पाहते आणि मग चेहरा. तिने आयुष्यात गाडी घेतली नाही, चालवली नाही, सायकलही नाही. गाडी हा विषय तिच्या आयुष्यात अडुसष्टाव्या वर्षी आला, तोही आईमुळे. आईच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम थांबवले आणि आठवड्यातून तीन दिवस, सकाळी, नवीन पनवेलहून हायवेने इस्पितळात जाऊन डायलिसिस करून घेणे सुरू झाले. मला सकाळची पाळी असे. मावशी म्हणाली, मी जाते अक्काबरोबर. पहिल्याच आठवड्यात कळंबोलीजवळ पुढच्या डंपरने एकदम ब्रेक दाबला, टॅक्सीवाल्यानेही दाबला, आणि एक्केचाळीस किलोची माझी आई सीटवरून घसरून पुढच्या सीटवर आपटली. कपाळाला टेंगूळ आले, इतकेच. पण डायलिसिसच्या वेळी रक्त पातळ ठेवण्याचे औषध देतात, त्यामुळे ते टेंगूळ काळेनिळे होऊन तीन आठवडे राहिले. मावशी त्याच्याकडे रोज पाही.

पट्टा का नव्हता, हा प्रश्न तिने चालकाला तिथेच विचारला होता. पट्टा होता. दाराशी लोंबकळत होता. तो ज्यात अडकवायचा ते बक्कल मात्र दिसत नव्हते, कारण ते नव्या कव्हराखाली गाडले गेले होते. कव्हर बसवणाऱ्याला ते अडचणीचे वाटले असणार. त्यावरून रेक्झिन ताणून त्याने सीट कशी गुळगुळीत केली होती. मावशीने पुढच्या काही फेऱ्यांत पाहिले तर बहुतेक गाड्यांची हीच तऱ्हा. तिने मला एवढेच सांगितले, "मूत्रपिंडाचं डॉक्टर बघतील. ते माझ्या हातात नाही. गाडीचं मी बघते."

त्यानंतर तिच्या पर्समध्ये क्रोशाची सुई, दाभण, टाके उसवायचे छोटे हत्यार आणि राणी रंगाच्या मेणदोऱ्याचे रीळ, अशी सामग्री आली. दोरा कव्हराच्या रंगाचा का नाही, असे मी विचारले तेव्हा तिने माझ्याकडे नापास विद्यार्थिनीकडे पाहावे तसे पाहिले. बक्कल घाईत सापडायला हवे, म्हणून. पहिले काज तिने स्टँडवरच्या दिनेशच्या टॅक्सीत घातले. दिनेश उलव्याकडचा, जमीन विमानतळात गेली तेव्हा त्याने ही गाडी घेतली आणि महिनाभरापूर्वीच तिला नवीन कव्हर शिवून घेतले होते. इस्पितळाच्या आवारात, आई आत यंत्राला लावलेली असताना, मावशी मागच्या सीटवर मांडी घालून बसली आणि तिने क्रोशाच्या सुईने आतले बक्कल हुडकायला सुरुवात केली. चहा पिऊन परतलेल्या दिनेशच्या हातून कप पडायचा राहिला.

"मावशे, काय करता काय? कव्हर नवीन हाय!"

"नवीन आहे म्हणून तर जपून उसवतेय. जुनं असतं तर सरळ कात्री घातली असती."

"अवो, मागं कोन पट्टा लावत नाय. पोलीस पन इचारत नाय."

"पोलिसाचा काय संबंध? मी काय पोलिसावर आपटणार आहे? मी तुझ्या पाठीवर आपटणार. माझं वजन बासष्ट किलो. गाडी जोरात असली तर ते बासष्ट राहत नाही."

दिनेशने थोडा वेळ त्या बासष्ट किलोंचा विचार केला असावा. "मंग तुमच्या बाजूचं आदी करा," तो म्हणाला. "आई हलकी हाय."

तिने आधी आईच्या बाजूचे केले. ती डावी बाजू. आईच्या मानेशी उजवीकडे डायलिसिसची नळी बसवलेली होती आणि पट्टा त्या खांद्यावरून जाता कामा नये, हे मावशीने बसल्याबरोबर हेरले होते. दुसरे काज पुढच्या फेरीला झाले. कामाची सफाई पाहून पुढच्या आठवड्यात दिनेशच एका मित्राची गाडी घेऊन आला. "याचं पन करा." पुढचे मी मोजले नाही. स्टँडवर तिला काजवाली मावशी म्हणू लागले होते आणि तिला त्याचा अभिमान होता, एवढे मला माहीत आहे.

पट्ट्यावरून ती एअरबॅगकडे वळली, तेही रीतसर. कोणाकडे नवी गाडी आली की ती पेढा घेई आणि गाडीचे माहितीपुस्तक मागून घेई. मालकाने ते पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनातूनही काढलेले नसे. मावशी चार दिवसांनी ते परत करी, खुणा घालून. आमच्या सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांनी मोठ्या हौसेने गाडी आणली. हार घातला, चाकाखाली लिंबे ठेवली, गुरुजी आले. पुढे डाव्या सीटच्या समोर, डॅशबोर्डवर, संगमरवराचा टुमदार गणपती चिकटवलेला होता. मावशीने वाकून पाहिले, गणपतीच्या पाटाखाली झाकलेली 'एअरबॅग' ही इंग्रजी अक्षरे बोटाने शोधली आणि भर पूजेत म्हणाली, "देव उचला इथून."

"मावशी, अहो, पूजेच्या वेळी असं काय बोलता?" शेजारी कळवळून म्हणाले.

"देवाला काही होणार नाही. इथे समोर तुमची आई बसेल. या झाकणाखाली पिशवी आहे. धडक बसली की पापणी लवायच्या आत बाहेर येते आणि वर असेल ते घेऊन येते. गणपती दगडाचा आहे ना?"

सगळे गणपतीकडे आणि मग शेजाऱ्यांच्या आईकडे पाहू लागले. गुरुजींनी घसा खाकरून मूर्ती मधोमध ठेवली तरी चालते, छोटी आणि कापडाची असली तर उत्तमच, असा निर्णय दिला. जाताना त्यांनी मावशीला बाजूला घेऊन आपल्याही गाडीवर एकदा नजर टाकायला सांगितले.

एअरबॅग म्हणजे उशी, या समजावर तिचा विशेष राग. "उशी कसली? कुकरचं झाकण उडतं तशी येते ती," ती सांगे. "पट्ट्याने तुम्हाला मागे धरलं, तर ती पुरती फुगून नरम पडायला लागते तेव्हा तुम्ही तिच्यापर्यंत पोचता. नाही धरलं, तर ती निघतेय आणि तुम्ही जाताय, अशी मधेच गाठ पडते. मग ती वाचवत नाही, मारते." पट्टा आधी, पिशवी नंतर, हा क्रम ती पाढ्यासारखा म्हणून घेई. आवाज करणारी घंटी बंद व्हावी म्हणून पट्टा पाठीमागून अडकवून त्याच्यावर बसणाऱ्या माझ्या मेहुण्याला तिने भर रस्त्यात गाडी कडेला घ्यायला लावली होती. सोसायटीतल्या एका गरोदर सुनेला तिने टेप घेऊन पट्टा बसवून दिला: खालचा पोटावर नाही, पोटाच्या खाली, परकराच्या नाडीच्याही खाली; वरचा खांद्याच्या मध्यावर, मानेला घासता कामा नये. पण एका गोष्टीपुढे तिने हात टेकले होते. काही गाड्यांत सीटच्या कडेला पिशवी असते आणि ती बाहेर यावी म्हणून तिथली शिवण मुद्दाम कच्ची ठेवतात, असे तिने वाचले. त्या सीटवर साधे कव्हर चढवायचे नाही, हे तिने लगेच स्टँडवर जाहीर केले. पण नंतर कितीतरी दिवस ती त्या शिवणीबद्दल बोलत होती. "एकतीस वर्षं मी पोरींना उसवणार नाही अशी शिवण कशी घालायची ते शिकवलं. आणि कोणीतरी बसून वेळेवर उसवणारी शिवण काढलीय. नेमकी तिथेच, नेमकी तेव्हाच. त्या माणसाला एकदा भेटायला हवं."

माझ्या धंद्यालाही तिने सोडले नाही. हायवेवरच्या अपघातांच्या बातम्या ती लाल पेन्सिलीने तपासू लागली आणि रविवारी माझ्यापुढे ठेवू लागली. "यात गाडीचा रंग आहे. गाडी कुठून कुठे चालली होती ते आहे. मेलेल्यांचं गाव आहे. पट्टा लावला होता का, ते कुठाय?" पोलीस सांगत नाहीत, असे मी म्हणालो. "तुम्ही विचारता का?" विचारत नव्हतो. सव्वीस वर्षांत ठार, गंभीर आणि किरकोळ हे तीन शब्द मी किती वेळा सरळ केले असतील. त्यांच्यामध्ये तीन बोटे रुंदीची एक पट्टी असते, हे मला शिवणक्लासच्या बाईने सांगितले. तेव्हापासून मी वार्ताहरांना विचारायला लावतो.

तिला बरेच दिवस पुरून उरली ती फक्त आई. "तिथे आठवड्यातून तीनदा मला यंत्राला बांधतात," आई म्हणे, "आता जाता-येता तू गाडीला बांध. मी काय पळून चाललेय का गं, धाकटे?"

"पळून जाऊ नयेस म्हणूनच," मावशी म्हणे आणि पट्टा ओढून बक्कलात दाबे. खट. मग स्वतःचा. खट. हे दोन आवाज मागून आल्याशिवाय गाडीला चावी लावायची नाही, असा दिनेशला हुकूम होता आणि पुढे हुकमाची गरज राहिली नाही. डावा पट्टा जुना झालेला होता. सोडला की नीट गुंडाळला जात नसे, दारात सापडे. बदलून घे, असे मावशी त्याला दर आठवड्याला सांगे. दर आठवड्याला तो "घेतो ना" म्हणे. एकदा खारघरच्या उतारावर पुन्हा तसाच ब्रेक लागला, या खेपेला गाडी पुढच्या कंटेनरला टेकलीसुद्धा. पुढची पिशवी उघडली नाही म्हणून दिनेश गाडी बनवणाऱ्यांना शिव्या घालू लागला, तर मावशीने त्याला इतक्या हळू धडकेला ती उघडत नाही, उघडू नये, हे पुस्तकातल्या पानासकट समजावले. आई जागच्या जागी होती. खांदा चोळत ती म्हणाली, "दुखतंय." मावशी म्हणाली, "दुखू दे." परतीच्या वेळी आईने पट्टा स्वतः ओढून घेतला. मावशीने हे मला फोन करून सांगितले, पदवी मिळाल्यासारखे.

असे दोन वर्षे आणि थोडे दिवस चालले. आई गेली ती इस्पितळातच, एका दुपारी, शांतपणे. गाड्यांचा आणि हायवेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मावशीने मला विचारले नाही, पण मीच तिला सांगितले की, त्या टेंगळानंतर आईला रस्त्यात एक ओरखडाही उठला नाही. ती हो म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

अस्थी करंजा बंदराजवळ समुद्रात सोडायच्या ठरल्या. तिथे दिनेशच्या मेव्हण्याची होडी होती. सकाळी दिनेश गाडी घेऊन आला. मी पुढे बसलो, कलश मांडीवर घेतला आणि हातांनी धरला. मावशी माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"तो मांडीवर नको. पुढे पिशवी आहे."

तिने कलश घेतला, मागे डाव्या सीटवर ठेवला, तो घरंगळू नये म्हणून दोन्ही बाजूंना आपली शाल घडी करून लावली आणि पट्टा त्याच्यावरून नेऊन राणी रंगाच्या काजातल्या बक्कलात दाबला. खट. मग आपला. खट. दिनेशने चावी फिरवली. वाटेत जासई आली. तिथे मावशी म्हणाली, "आज तक्रार नाही तिची."

करंजाला मासळीचा लिलाव आटपत आला होता. होडीत बसताना मावशीने लाइफ जॅकेटं आहेत का विचारले. दिनेशच्या मेव्हण्याने तीन शोधून आणली, आणि तिने ती आम्हा तिघांना घालायला लावली. अस्थी सोडताना ती काठावरून इतकी वाकली की मी तिचा पदर धरून ठेवला. तो तिने सोडवून घेतला नाही.

परत गाडीत बसलो. मी पट्टा लावला. मागून एक आवाज आला, उजवीकडचा. दिनेशचा हात चावीवर होता. त्याने ती फिरवली नाही. मुद्दाम थांबला असे नव्हते; त्याच्या हाताला दोन आवाजांची सवय होती आणि दुसरा अजून यायचा होता. हे लक्षात आल्यावर तो खिडकीबाहेर बघू लागला.

मावशी डावीकडे वाकली. रिकाम्या सीटवरून तिने तो पट्टा ओढून घेतला, सरळ केला, आणि काजात दाबला. खट.

"मोकळा राहिला की दारात सापडतो," ती म्हणाली. "चल."