अक्काने गोळ्या का सोडल्या

ही हकिकत लिहायचं मी काही वर्षं टाळत आलो. ध्यानाने मला बरं वाटलं, एवढाच भाग सगळ्यांना सांगायचो. उरलेला आज लिहितो, कारण बीपीचे रुग्ण आता घरोघर आहेत.

जळगावच्या डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "आबा, हायपरटेन्शन आहे." म्हणजे रक्तवाहिन्यांतला दाब कायमचा वाढलेला. निवृत्तीनंतर माझी झोप उडाली होती, डोकं ठणकायचं. गोळ्या सुरू झाल्या. मुलीने मोबाइलमध्ये ध्यानाचं ॲप टाकून दिलं. "बाबा, रोज चहाआधी बसायचं. दांडी मारली तर मला पुण्यात दिसेल."

कानात इअरफोन घालून डोळे मिटले तरी शेजारचा कुकर ऐकू यायचा, नाहीतर वीजबिल आठवायचं. ॲपमधली बाई म्हणायची, मन भरकटलं तरी चालेल, परत श्वासाकडे या. मी येत राहिलो. हळूहळू झोप लागू लागली. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. "कमी केलीय, बंद नाही. ध्यान करा आणि उरलेली गोळीही घ्या."

हिवाळ्यात अमळनेरजवळ भाच्याच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान, आमचे दाजी, ओरडले, "आबाला मीठ नका वाढू रे, पेशंट आहे तो! सकाळी कानात बोंडं घालून बसतो." सगळे हसले. मला ते लागलं.

"कसला पेशंट?" मी म्हणालो. "गोळ्या केव्हाच सोडल्या. नुसत्या ध्यानावर आहे."

अक्कालाही जुना बीपी होता. ती जवळ सरकली. "खरंच का रे भाऊ? मंग माले बी शिकाड."

मी तिथेच तिच्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं. चार दिवसांनी तिचा फोन. "भाऊ, डोया मिटात का माले झोपच लागी जास!" आम्ही खूप हसलो. मग पुढे एकदा म्हणाली, "गोळ्या बंद करी टाक्यात मी. तुले काही व्हयनं नही, मंग माले काय व्हई?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. "डॉक्टरला विचार एकदा," एवढं पुटपुटून मी फोन ठेवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्का मोरीपाशी कोसळली. धुळ्याला नेलं. सीटी स्कॅनमध्ये ब्रेन हॅमरेज दिसलं, म्हणजे मेंदूतली रक्तवाहिनी फुटलेली. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. याला अफेजिया म्हणतात. तिला बरंचसं समजायचं, पण शब्द जुळत नसत.

वॉर्डाबाहेर डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद केली?"

भाचा म्हणाला, "मामांनीही सोडल्यात ना, ध्यान करून. म्हणून आईने."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "खरंच सोडल्यात?"

त्या सकाळी मी माझी गोळी घेऊन निघालो होतो. भाचा बघत होता. मी "हो" म्हणालो.

त्यानंतर अक्का वर्षभर अंथरुणावर होती. प्रत्येक वेळी एसटीत ठरवायचो, आज सांगायचंच. ती डाव्या हाताने माझा गाल चाचपायची आणि आल्यागेल्याला कौतुकाने मला दाखवायची. मी कापसाच्या भावाचं बोलून परत यायचो. मग ती गेली.

ध्यान मी अजून करतो, त्याने मला फायदाच झाला. गोळीही घेतो आणि आता तेही सांगतो. तुमच्या मनात गोळी सोडायचं असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारा. माझ्यासारख्याचं ऐकू नका.

तिच्या खाटेपाशी बसून एवढंच बोलायचं होतं: अक्का, मी एक दिवस बी गोळी सोडेल नव्हती. मीच चुकनू.