वेंकोबरावांच्या इंजिनाची चमक

आमच्या रविवारच्या मंडळीत किस्से जमवावे लागत नाहीत. ओल्या वॉर्निशवर धूळ बसते तसे ते आपसूक येऊन बसतात आणि मग पुसून निघत नाहीत!

आम्ही तिघं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत, वेंकोबरावांच्या गच्चीवर रेल्वेची छोटी मॉडेल्स बनवतो. वेंकोबराव बँकेतून व्हीआरएस घेतलेले, सुगुणाक्का कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या, आणि मी फुकटचे सल्ले देणारा. वेंकोबरावांचे अप्पा वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. त्यांच्या शताभिषेकाला, म्हणजे ऐंशीच्या सोहळ्याला, त्यांचंच इंजिन छोटं करून द्यायचा बेत होता.

आधीचं एक इंजिन चकचकीत क्लिअर, म्हणजे बिनरंगी वॉर्निश, मारून दाखवलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "खेळणं बरं अहे." वेंकोबराव त्या दिवशी जेवले नाहीत. बिचारे! म्हणून आता चमक घालवणारं फ्लॅट क्लिअर हवं होतं. गावात ते मिळेना, आणि पेट घेणारा माल म्हणून कुरिअरवाला आणेना. मग घरीच कालवायचं ठरलं.

*

वेंकोबरावांनी ऐकलं होतं की क्लिअरमध्ये बारीक पावडर घातली की चमक जाते. त्यांनी बाथरूममधली टाल्कम घातली! मॉडेल गाडीच्या एका जुन्या डब्यावर मारून बघितलं तर वर गुठळ्या, आणि गच्चीभर चंदनाचा वास.

सुगुणाक्कांनी डबा नाकाशी धरला. "इंजिनाला घामोळं आलं अहे काय?"

*

मग अक्कांनी कॉलेजच्या ओळखीतून खरी मॅट पावडर मागवली. "बरं ढवळा," एवढं सांगून त्या खाली गेल्या. आमच्याकडे ढवळणं म्हणजे काय? वेंकोबरावांनी कॉफीचा टंबलर आणि त्याखालची पसरट वाटी, डवरा, घेतला, आणि हात उंच करून क्लिअर या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला लागले. काय धार होती! फेसही असा की हॉटेलवाल्याने बघत राहावं. डब्यावर मारल्यावर मात्र बुडबुडेच बुडबुडे.

"फेस आल्याशिवाय कालवलं कसं म्हणाचं?" वेंकोबराव अडून बसले.

अक्का म्हणाल्या, "साखर घालाचं विसरलांत!"

*

ओलं असताना कुठलंही क्लिअर चमकतंच, खरं रूप वाळल्यावर कळतं. हे आम्हाला आता माहीत आहे. तेव्हा वेंकोबराव ब्रश फिरवायचे, "अजून चमकतं अहे" म्हणायचे आणि आणखी पावडर घालायचे. मीही "घाला, घाला" म्हणत होतो. दुपारी बघतो तर काळा डबा पांढराफटक!

त्यांच्या पत्नी कमलाबाई कॉफी घेऊन वर आल्या. डब्याकडे बघून त्यांनी चक्क हात जोडले. "भस्म फासून संन्यास घेतला की काय ह्यानं?"

*

अक्कांना राग येत नाही, कुतूहल येतं. पावडर किती घातली की चमक जाते, आणि किती घातली की पांढरं पडतं? त्यांनी आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे काळे रंगवले, प्रत्येकावर थोडी थोडी वाढती पावडर घालून क्लिअर मारलं, आणि दोऱ्याने कपड्यांच्या तारेवर टांगले.

शेजारच्या मामींनी कठड्यावरून तमिळमध्ये विचारलं, "हे कुठलं व्रत?" अक्का चमच्यात गुंग. "पुढच्या रविवारी कळेल," म्हणाल्या.

पुढच्या रविवारी मामींच्याही तारेवर काळे चमचे! मी विचारलं तर म्हणाल्या, "अक्का शिकलेल्या आहेत. उगीच करतील का?"

*

मधला एक चमचा बरोबर निघाला. चमक नाही, पांढरेपणाही नाही. त्याच मापाने कालवलं, कोरडा दिवस बघून इंजिनावर मारलं.

शताभिषेकाच्या दिवशी नादस्वरम् वाजत होतं. अप्पा नव्या कोऱ्या रेशमी वेष्टीत, म्हणजे धोतरात, पाटावर बसले होते. वेंकोबरावांनी इंजिन त्यांच्यापुढे ठेवलं आणि घाबरून मागे उभे राहिले. अक्कांनी माझा दंड घट्ट धरला.

अप्पांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग बॉयलरवरून एक बोट सावकाश फिरवलं, काजळी लागली का बघावं तसं डोळ्यांजवळ नेऊन निरखलं.

आणि ते बोट त्या नव्या रेशमी वेष्टीला खसाखसा पुसलं.