मातीच्या भांड्यातला चिनी काढा

ह्यांची मान मी वर्षानुवर्षं रगडली. नाशिक रोडच्या छापखान्यात मान खाली घालून तपासणी करता करता मणक्यांची झीज झाली होती. रोज संध्याकाळी हे पाटावर बसायचे आणि मी मागे दिवाणावर बसून कोमट तिळाचं तेल चोळायची. समोरासमोर हूं की चूं न करणारा हा माणूस पाठ माझ्याकडे असली की मात्र बोलायचा. साहेबाने केलेला अपमान, आईच्या आठवणी, निवृत्तीची धास्ती, सगळं मी तिथेच ऐकलं.

मग नामपूरहून धाकटी नणंद आली. तिचा मुलगा सिंगापूरला असतो. त्याने तिथल्या चिनी वैद्याला ह्यांचे रिपोर्ट दाखवून औषधाच्या पुड्या पाठवल्या होत्या.

"वहिनी, मातीच्या भांड्यातच उकळा हां, स्टीलमध्ये नको. आणि दोन्ही वेळेला ताजा."

म्हणजे उपकार तिचे आणि गॅसपाशी उभी मी! पुडीत सुकवलेल्या सुरणासारखी पांढरट मुळं होती, कसल्याशा साली होत्या, आणि चक्क दालचिनी नि ज्येष्ठमध. हे दोन्ही माझ्या डब्यात कायमचे! माझ्या काढ्याने ह्यांना मळमळायचं, आणि हा चिनी काढा गटागटा घशाखाली उतरायचा.

गुण आला, हे मान्य करायलाच हवं. हाताच्या मुंग्या गेल्या. स्कूटर मागे घेताना मान आरामात वळायला लागली. येईल त्याला हे सांगायचे, "बहिणीने मान सोडवली माझी." माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा फणकाऱ्याने विचारलं, "मग आता तेल नकोच ना?"

"नको गं. तुलाही तेवढाच आराम."

तेही इतक्या मायेने, की भांडायलाही जागा उरली नाही. तेव्हापासून संध्याकाळी हे कॉलनीच्या बागेत जातात. पाट भिंतीला टेकवलेला आहे. देवापुढे हात जोडताना ह्यांची मान पुन्हा आखडू दे असं मी कधी मागितलं नाही, पण ठणठणीत राहू दे असंही मागितलं नाही.

गेल्या थंडीत मेथी निवडताना माझीच मान धरली. वेदनेने डोळ्यांत पाणी आलं आणि आत कुठेतरी बरंही वाटलं. मी तेलाची वाटी कोमट केली, पाट मांडला.

"अहो, मान वळतच नाहीये माझी."

हे लगबगीने उठले. मी पाटावर बसून अंबाडा सोडला, पदर सारखा केला आणि डोळे मिटले. बोलायचं खूप साठलं होतं. नणंदेबद्दल, ह्या रिकाम्या संध्याकाळींबद्दल.

स्वयंपाकघरातून बराच वेळ खुडबुड ऐकू येत राहिली. मग हे आले ते समोरच येऊन बसले. हातात वाफाळता पेला.

"उरली होती एक पुडी. मातीच्या भांड्यातच केलाय हं."

मी शेवटचा घोट घेईपर्यंत हे माझ्या तोंडाकडे कौतुकाने बघत राहिले. समोर बसले होते, म्हणून मीही काही बोलले नाही.