ओढ्यातलं तांबडं शेवाळ

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि शेवाळाचा अभ्यास करते, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. तांबडं शेवाळ म्हटलं की विचारतो, "मॅडम, ते समुद्रात असतं ना? सांगलीला समुद्र कधी आला?" समुद्र नाही आला, पावसाळ्यात कृष्णा दाराशी येते तेवढीच. पण तांबड्या शेवाळाची एक जात गोड्या पाण्यातली आहे आणि भलती नखरेल आहे. पाणी थंड हवं, वाहतं हवं, नितळ हवं, वर झाडाची सावली हवी. उसाच्या खताचं पाणी ओढ्यात उतरलं की ही बाई संसार आवरते. महाबळेश्वरच्या बाजूला एका ओढ्यात होती, तिथं आता गाड्या उभ्या राहतात. राहिली ती उंब्रजच्या पुढं, डोंगराच्या अंगाला, माझ्या सासरच्या गावात. मला ठाऊक असलेली ही शेवटची जागा.

दिसायला म्हणाल तर काही नाही. नाव तांबडं, रंग शेणकट हिरवा, फार तर जांभळट. माझे सासरे, म्हणजे आबा, मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेले. दगडाला चिकटलेला तो केसांचा झुपका त्यांना दाखवला तर म्हणाले, "ह्याला तांबडं म्हंत्यात व्हय? तुमच्या पुस्तकवाल्यांचं डोळं तपासा कुनीतरी." मी हातात भिंग दिलं. भिंगाखाली एकेक धागा म्हणजे बारीक मण्यांची माळ, वर भिजलेल्या सब्जासारखा बुळबुळीत लेप. आबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "लय नाजूक काम हाय."

ही माळ दिसते फक्त थंडीत. पाऊस सरून पाणी निवळलं की कार्तिकात दगडावर उगवते, पौषात वीतभर होते आणि फाल्गुनाचं ऊन लागलं की विरून जाते. जाताना बीजं टाकून जाते, पण पोरं आईवर जात नाहीत. त्यांचा दगडावर नुसता काळपट खरखरीत डाग होतो, दोन दिवस न केलेल्या दाढीसारखा. पूर्वीचे विद्वान त्याला वेगळीच वनस्पती समजत होते, म्हणजे न ओळखण्याची आमची परंपरा जुनीच आहे. उन्हाळा आणि आषाढातला लोंढा तो डागच सोसतो, आणि पुढच्या थंडीत त्याच्यातूनच माळ फुटते.

हे सगळं मी देवळात गाव जमवून सांगितलं. फळ्यावर चित्रं काढली, घसा बसला. गावाला त्यातला एकच शब्द कळला: दुर्मिळ. आपल्या गावात दुर्मिळ काहीतरी आहे म्हटल्यावर माजी सैनिकांची समिती झाली. आबा अर्थातच पुढं. मला वाटलं, चला, आता काळजी मिटली.

वैशाखात सुट्टीला गेले. आबा मला चहासुद्धा पिऊ न देता ओढ्यावर घेऊन गेले, आणि मी कपाळाला हात लावला. मिलिटरीत मोठा साहेब यायचा असला की वाटेतला दगड न् दगड रंगवतात. इथं तर यात्रेला पाहुणे येणार होते. तारेच्या ब्रशनं सगळे दगड घासलेले, वरून चुना, खाली गेरूचा पट्टा. लोकांना नीट दिसावं म्हणून जांभळीच्या फांद्या उतरवलेल्या. आणि मधोमध बोर्ड: दुर्मिळ तांबडं शेवाळ, हात लावू नये.

आबा छाती काढून उभे होते. "कसं काय, सूनबाई? एक डाग ठेवला न्हाई."

"आबा, तो डागच शेवाळ होतं."

सासऱ्यांपुढं मी आवाज चढवला नव्हता कधी, त्या दिवशी चढवला. ओढ्यावर उभी राहून रडले. समितीतला एकजण म्हणाला, "मॅडम, तुमीच म्हनला जपा. आमी घान काढली." करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आमच्या मारुतीला तर वर चुनाही लावलेला.

पुढच्या पौषात त्या दगडांवर हिरवंगार शेवाळ माजलं. साधं, डबक्यातलं. सावली गेली, ऊन आलं, त्याला काय. पण गाव खूश. "आलं की वो मॅडम तुमचं शेवाळ. पयल्यापेक्षा लय भारी." मी समजावून थकले. बोर्ड म्हणतो ना तांबडं, मग ते तांबडंच.

त्याच महिन्यात कुणी बडे साहेब बघायला आले. हार झाले, नारळ झाला. समितीनं हिरवी बुळबुळ दाखवून माझंच भाषण, निम्मं उलटं करून, ऐकवलं. साहेब माना डोलवत होते. तेवढ्यात आबा पुढं झाले, ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, ह्ये ते न्हवं. ते आमी उन्हाळ्यात घासून काढलं. मी सोता घासलं."

मला त्या क्षणी आबांचे पाय धरावेसे वाटले. साहेबांनी बोर्डाकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. "बोर्ड लावलाय म्हणजे असेलच की," म्हणाले आणि फोटोला उभे राहिले. फोटोत आबांना घेतलं नाही.

गावाची लाज घालवली म्हणून समितीनं त्यांना बोलवणं सोडलं. चाळीस पावलांवर राहणारे सोबती आता रस्ता बदलतात. आबांना त्याचं काही वाटत नाही असं ते म्हणतात. थंडी पडली की सकाळी दाढी करून ते ओढ्यावर जातात, वरच्या अंगाला, जिथं कपारीत ब्रश पोचला नसेल तिथं. गुडघे वाकवत नाहीत, तरी पाण्यात बसतात आणि भिंग लावून दगडाच्या पोटाखाली बघतात. मग मला फोन करतात. विचारायचं धाडस मला होत नाही, म्हणून मी वर्गाबाहेर येऊन नुसता फोन कानाला धरते. तेच सांगतात, "आज बी न्हाई, पोरी."