ताराआत्याचे ब्रेक

ताराआत्या गाडीत बसली की आधी चपला काढायची. अनवाणी पायानं ब्रेक दाबायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "गाडी काय म्हनती ते पायाला कळाय पायजे. मदी चप्पल कशाला?" साताऱ्याच्या स्टँडवरचे ड्रायव्हर हसायचे. ती ढुंकूनही बघत नसे.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा फौजेतून परतला तो एक जुनी विलायती मोटार घेऊन, आणि पुढं लवकरच वारला. सासरच्यांनी मोटार विकायला काढली, तेव्हा आत्यानं किल्ली कमरेला खोचली आणि गाडी शिकून घेतली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाचगणीच्या एका निवासी शाळेतली साताऱ्याची मुलं शनिवारी घरी आणायची आणि सोमवारी पोचवायची, हे काम तिनं मिळवलं. बाई गाडी चालवते म्हणून शाळेचे व्यवस्थापक पहिल्यापासून नाखूश होते.

त्यांना आयतं कारण मिळालं पाचगणीहून वाईला उतरणाऱ्या पसरणीच्या घाटात. उतरताना ड्रमचे ब्रेक तापले, पायडल खाली बसलं आणि आत्यानं गाडी डोंगराकडच्या चारीत घातली. मुलांना खरचटलंही नाही. व्यवस्थापक म्हणाले, हे बाईमाणसाचं काम नव्हे. आत्या म्हणाली, दोष ड्रमचा आहे, पुढच्या चाकांना डिस्कचे ब्रेक बसवून आणते, ते असे तापून बसत नाहीत. त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली, ती हे जमणार नाही या खात्रीनं.

सांगलीच्या नजीर मिस्त्रींनी भंगारात गेलेल्या एका परदेशी गाडीच्या डिस्क मिळवून बसवल्या. मी तेव्हा सांगलीत नोकरीला होतो. आत्याबरोबर साताऱ्याला निघालो. आष्ट्याजवळ जळका वास आला. ब्रेकवर पाय नसताना चाकं धरलेली, हात लावला तर चटका. निवल्यावर सुटली, जरा पुढं गेलो की पुन्हा धरली. रखडत सांगलीला परत आलो.

मिस्त्रींनी सगळं उघडून पाहिलं. कुठंच काही अडकलेलं नव्हतं. शेवटी तेही थकले आणि म्हणाले, "आक्का, ड्रम परत घालूया. मला त्यात कमीपना वाटत न्हाई."

"मला वाटतो," आत्या म्हणाली. "त्या घाटानं एकदा माज्या पायाखालचं पायडल काढून घेतलंय. ड्रम घालायचा न्हाई."

पदर खोचून ती खाली बसली. चाक जॅकवर उचललं. मला पायडल दाबायला-सोडायला सांगून दर वेळी ती चाक हातानं फिरवून बघे. हळूहळू ते जड झालं. मग तिनं, पायडल दाबलं की चाकांकडं तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरजवळची नळी मिस्त्रींकडून सैल करून घेतली. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. म्हणजे दाबलेलं तेल परत जात नव्हतं.

मिस्त्रींनी पायडलजवळ वाकून त्यामागचा दांडा हलवून पाहिला, तो हलेना. घाटातल्या ड्रायव्हरांची एक खोड असते: पायडल जरासुद्धा हललेलं त्यांना चालत नाही. पाय टेकला की ब्रेक लागलाच पाहिजे म्हणून ते पायडलमागचा दांडा पार कसून घेतात. आत्यानंही हट्टानं तसाच कसून घेतला होता. तो दांडा सिलिंडरला कायम रेटून बसला होता आणि तेलाची परतीची वाट बंद झाली होती. ड्रमच्या जोरकस स्प्रिंगा ब्रेक मागं ओढून घेत, म्हणून आजवर ते खपून गेलं. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात.

"मीच कसाय सांगितलंतं," आत्या म्हणाली आणि पाना घेऊन दांडा तिनं स्वतःच सैल केला. पायडल किंचित हलू लागलं तसं तिचं तोंड कडू झालं, पण पाना तिनं उलटा फिरवला नाही.

मुदत संपायच्या आत व्यवस्थापकांना शेजारी बसवून ती घाट उतरली. मी मागं बसलो होतो. वाईत सपाटीला गाडी थांबवून तिनं साहेबांना ती ढकलायला सांगितली. त्यांनी एका हातानं ढकलली, तर निमूट पुढं गेली; ब्रेक कुठंच धरून राहिले नव्हते. तरी ते म्हणाले, घाटात सोबत एखादा पुरुष ड्रायव्हर असलेला बरा.

आत्या शांतपणे म्हणाली, "साहेब, ब्रेक आनते म्हनलं हुतं, ब्रेक आनलं. मी बाई हाय, त्यावर माज्याकडं इलाज न्हाई आन मला करायचाबी न्हाई. शनवारी पोरांस्नी न्ह्यायला येनार. द्यायची नसली, तर त्यांच्या आईबापांस्नी कारन तुमीच सांगा."

शनिवारी मुलं दप्तरं घेऊन फाटकात उभी होती.

पुढं गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत आत्यानं त्या घाटात गाडी चालवली. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पसरणीच्या घाटात मी निर्धास्त झोपलो तो फक्त तिच्या गाडीत. दुसरं कुणीही चालवत असलं की मी जागा राहतो.