एकाच तारखेचे दोन सण

एक मेला आमच्या सोसायटीत पेढे वाटतात. त्यातल्या वेलचीच्या वासाने मला १९६० सालचा लालबागमधल्या आमच्या चाळीचा चौक आठवतो.

तोवर एक मे तिथे फक्त कामगार दिन होता. लाल झेंडा चढवण्याआधी गिरणीने कामावरून काढलेल्यांची नावं मोठ्याने वाचायची आणि त्यांना परत घ्या म्हणायचं, अशी रीत होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी काम बंद ठेवलं म्हणून माझ्या थोरल्या भावाला, वासूदादाला, काढलं होतं. यंदाही त्याचं नाव वाचू, असा शब्द युनियनच्या गावड्यांनी दिला होता.

राज्य नेमकं त्याच तारखेला झालं. चौकात तोरणं लागली. गिरणीचे मॅनेजर पाहुणे म्हणून आले. गावड्यांनी त्यांना हार घातला आणि पेढे वाटायला सांगितले.

"गावडे, नावं राहिली," दादा म्हणाला.

"वासू, आज आनंदाचा दिवस. आज भांडण नको रे."

मला वाटलं, एका वर्षाचाच प्रश्न आहे. त्या चौकात नावं पुन्हा कधीच वाचली गेली नाहीत. दादाला ते तिथेच कळलं असावं.

"मग भांडायला कुठली तारीख ठेवलीत?" त्याने विचारलं.

गावडे मॅनेजरांना चहाचं विचारायला वळले.