हिराजी नानांचं बोट

टायरच्या आतून बोट फिरवायला लागले की हिराजी नाना डोळे मिटून घ्यायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. समोर रिक्षावाला भोंगा वाजवत उभा असला, तरी नानांचं बोट सावकाश टायरची फेरी पुरी करायचं, कुठेतरी अडायचं, आणि मग चिमट्यात धरलेली केसाएवढी तार ते आमच्या नाकासमोर नाचवायचे. "बोटाला दिसतं तं डोल्याला दिसत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नाना जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांची बोटं त्याच्या आधीच गेली होती. ते सगळ्यांत पहिल्यांदा मला कळलं होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. म्हणून हे लिहितोय.

नानांचं सायकल दुरुस्तीचं दुकान कोपरखैरण्यात, एका शाळेच्या भिंतीला लागून. माणूस तिथल्याच गावठाणातला, आगरी, तरुणपणी मिठागरात राबलेला. मी वाशीत खुर्ची झिजवणारा. पोट सुटलं, डॉक्टरने दम दिला, तेव्हा पन्नाशीला आल्यावर रोड बाइक, म्हणजे शर्यतीतली हलकी सायकल घेतली. तिचे टायर बघून बायको म्हणाली, "अहो, याच्यापेक्षा माझ्या बांगड्या जाड आहेत." दर रविवारी मी उलव्याकडे जायचो. त्या रस्त्यावर कंटेनरवाल्यांचे टायर फुटतात आणि त्यांतल्या पोलादी तारांचे तुकडे सगळीकडे पडलेले असतात. एका रविवारी फिरायचं आणि दुसऱ्या रविवारी सायकल ढकलत यायचं, असा माझा व्यायाम चालला होता.

मग मला टायरचं वेड लागलं. पंक्चर न होणारा टायर कुठला, हे मी भेटेल त्याला विचारत सुटलो. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कुणी म्हणे आत जाड पट्टा असलेला घे, कुणी म्हणे ट्यूबमध्ये डिंकासारखं औषध ओत. नानांना सांगितलं की ते हसायचे. "टायर आनशील रे, पन रस्ता कुठून आनशील?" ट्यूब पाण्यात बुडवून, बुडबुडा बघून ठिगळ लावणाऱ्यांवर त्यांचा फार राग. तार टायरमध्ये तशीच राहिली तर नवी ट्यूबसुद्धा तासाभरात बसणार, हे ते प्रत्येकाला समजावून सांगायचे. "आदी चोर पकडायचा, मंग कुलूप बदलायचं."

एकदा गणपतीनंतरच्या आठवड्यात माझं मागचं चाक तीनदा बसलं. तिन्ही वेळा एकाच जागी. तिन्ही वेळा नानांनी बोट फिरवून "साफ हाय" म्हटलं होतं. चौथ्यांदा गेलो तर ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "टायर मेला. चांगला जाड घे." दोन वर्षं माझी टिंगल करणारा माणूस चोर न पकडताच कुलूप बदला म्हणत होता. मला तिथेच शंका यायला हवी होती. पण मी कसला खूश! शेवटी नानांनाही माझं पटलं, असं वाटून मी त्याच संध्याकाळी तो दणकट, पट्टेवाला टायर मागवला.

दोन महिने बरे गेले. मग तोही पंक्चर झाला. नाना म्हणाले, साफ हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी चाक पुन्हा जमिनीला टेकलेलं. कंपनीला काय काय सुनावायचं ते मनात जुळवत मी तणतणत दुकानात गेलो. नानांनी टायर उतरवला, डोळे मिटले, बोट फिरवलं. बोट कुठेही न अडता पुरी फेरी करून बाहेर आलं. "साफ हाय," नाना म्हणाले. त्यांच्या बोटाचं टोक कापलं होतं. रक्त गळत होतं, टायरच्या आत अर्ध्या फेरीपर्यंत लाल रेघ उठली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता.

"नाना, बोट बघा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो नाना, कंपनीच फालतू आहे." घरी येऊन, रेघ जिथून सुरू झाली होती तिथली तार उपसून काढली. पुढचे पाच-सहा महिने हेच केलं. नानांना तपासू द्यायचं आणि घरी येऊन पुन्हा आपण तपासायचं. बायको म्हणत होती, त्यांना सांगा, डॉक्टरकडे न्या. मी म्हटलं, जन्मभर बोटांवर जगलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगू? वाईट वाटेल त्यांना. खरं सांगतो, मला माझ्या चांगुलपणाचं कौतुकही वाटत होतं.

उन्हाळ्यात दुकान आठ दिवस बंद दिसलं म्हणून घरी गेलो, तर नाना हॉस्पिटलात. शुगर किती वर्षांची होती कोण जाणे. आधी पायांची जाणीव गेली होती, मग हातांची. चपलेत शिरलेल्या खड्यावर ते दिवसभर चालले होते. जखम चिघळली आणि उजवं पाऊल काढावं लागलं. पाच-सहा महिने आधी आणलं असतं तर वाचलं असतं, असं डॉक्टरने त्यांच्या मुलीला सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी आणल्यावर भेटायला गेलो. मुलगी चहा ठेवायला आत गेली, तशी नानांनी मला जवळ बसवलं.

"त्या दिशी टायरात रगत होतं. तू बघितलंस ना?"

मी मान डोलावली. नाना म्हणाले, त्या दिवशी मी दुकानातून निघाल्यावर त्यांनाही हातावर रक्त दिसलं होतं. त्यानंतर मी दर वेळी दुकानात आलो की ते वाट बघायचे, हा आज तरी बोलेल. स्वतःहून डॉक्टरकडे जायची त्यांना भीती वाटत होती. मुलीला सांगायची लाज वाटत होती. कुणी हाताला धरून नेलं असतं तर ते मुकाट्याने गेले असते.

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोललो, नाना."

"वाटलं असतं रे," नाना म्हणाले. "वाटू द्यायचं होतं."